वसईच्या किल्ल्याचा दरवाजा : एक सहल-पाठ

किल्ल्याच्या सहलीत मुले बुरुजाकडे धाव घेतात. दरवाजा मात्र केवळ ओलांडला जातो. वस्तुतः इतिहासाचा पहिला पाठ तेथेच घ्यावयास हवा.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांनी तेथे तटबंदीचे शहर वसविले. त्याचा एक दरवाजा जमिनीकडे, तर दुसरा बंदराकडे आहे. जमिनीकडील दरवाजातून आत शिरताच वाट सरळ शहरात जात नाही. ती वळते व पुढे दुसरा दरवाजा लागतो. शिक्षकाने वर्गास या वळणावर उभे करून विचारावे, "वाट वाकडी का?" धावत येणाऱ्याचा वेग येथे मोडतो, ओंडक्याची धडक देण्यास जागा उरत नाही आणि वरून मारा होतो, हे मुलांचे त्यांनाच उमगते.

मग असा किल्ला पडला कसा? चिमाजी अप्पांच्या सैन्याने बुरुजांखाली सुरुंग लावले. उभयपक्षी पुष्कळ माणसे पडली. १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले व तहानुसार त्यांस सुखरूप जाऊ देण्यात आले. पराक्रमाबरोबर हा पाळलेला शब्दही मुलांस सांगावा.

दगडावर नाव कोरू देऊ नये. त्याऐवजी प्रत्येकाकडून दरवाजाचा आराखडा काढून घ्यावा. ज्या शाळेस वसई दूर पडते, तिने जवळच्या एखाद्या गढीच्या दरवाजापाशी हाच प्रश्न विचारावा. पाहून उमगलेले मूल विसरत नाही.