उपग्रहाने मोजलेले रान

भारतातील जंगलाची मोजणी उपग्रहाच्या हाती गेली ती १९८०च्या दशकात. १९८१ साली देहरादूनला भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था सुरू झाली आणि १९८७ साली तिचा पहिला अहवाल निघाला. त्या वेळच्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका ८० मीटर लांबरुंद, म्हणजे सुमारे ६३ गुंठ्यांचा. छापील चित्रावरचे रंग डोळ्यांनी पारखून हद्दी आखल्या जात. ४०० हेक्टरांहून लहान रान नकाशावर उमटतच नसे. पुढच्या दशकात उपग्रह बदलले, चित्रे नितळ झाली. बाकी सांगण्यासारखे फारसे नाही.

खरी उलथापालथ २००१च्या अहवालाने केली. वर्गीकरण पूर्णपणे संगणकावर गेले, एक हेक्टरपर्यंतचे रान नकाशावर उमटू लागले आणि १९९९च्या तुलनेत वनाच्छादन ३८,२४५ चौरस किलोमीटरने वाढले. दोन वर्षांत दहा गोव्यांएवढे रान उगवत नसते. वाढली होती ती मुख्यतः मोजपट्टीची नजर. याच दशकात व्याख्याही रुळली : एक हेक्टर किंवा अधिक जागेवर दहा टक्क्यांहून जास्त छत्र असले की ते वनाच्छादन, मग जमीन कोणाचीही आणि झाड कोणतेही असो.

इथेच माशी शिंकली. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे मिश्र रान तुटून रबर किंवा काजू लागला, की उपग्रहचित्रातल्या तांबड्या पट्ट्यात (या चित्रांत हिरवळ तांबडी दिसते) आधी भोक पडते. कलमांनी छत्र धरले की ते बुजते. बेरजेत तोडीची नोंद पुसली जाते.

रान आणि बाग यांतला फरक जमिनीवर उतरल्याशिवाय कळत नाही. सर्वेक्षणाचे कर्मचारी नमुना-तुकडा आखतात, छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडाची जाडी मोजतात, जात लिहितात, खड्डा घेऊन माती आणि पालापाचोळा तपासतात. मेहनत त्यांची, मथळा मात्र टक्केवारीचा.

डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०२३च्या अहवालात देशाचे वनाच्छादन २१.७६ टक्के आहे, १५६ चौरस किलोमीटरच्या वाढीसह. त्याच अहवालानुसार पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात दहा वर्षांत ५८.२२ चौरस किलोमीटर घट झाली. देवराईतला ऐन आणि बागेतला काजू २१.७६ या आकड्यात एकाच रकान्यात आहेत.