आकाशातून दिसणारं कारंजा

दिवाळी जवळ आली की विदर्भाचं आकाश निवळतं. वावरात तूर डोक्याएवढी झालेली असते, कपाशीची वेचणी सुरू असते, संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराची फळं रंगावर येऊ लागतात आणि डोंगरावरचा साग अजून हिरवा असतो. उपग्रहाच्या कॅमेऱ्याला जमीन स्वच्छ दिसण्याचे हेच दिवस. म्हणूनच भारतीय वन सर्वेक्षण संस्था देशातलं जंगल मोजताना प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रं वापरते. वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्याचं बहरलेलं रूप एका दृष्टिक्षेपात पाहायचं असेल, तर त्यालाही हाच मुहूर्त.

या तालुक्याचं पाणी, जंगल, शेती आणि वाढतं गाव या चारही गोष्टींचं चित्र आज आकाशातून दर काही दिवसांनी घेतलं जातं आणि त्यातला मोठा भाग कोणालाही फुकट पाहता येतो. प्रश्न उरतो तो ही चित्रं वाचणार कोण आणि कुठे बसून, हा. माझं म्हणणं असं की ती ग्रामसभेत आणि नगरपंचायतीच्या सभागृहात वाचली गेली पाहिजेत. शिवार ओळखणाऱ्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्यांचा अर्थ पुरा लागत नाही.

मोजणीचा जुना वारसा

वर्धा जिल्ह्याचं आणि नकाशाचं नातं दोनशे वर्षांचं आहे. 1802 साली मद्रासहून भारताची महात्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन काम पुढे नेत नागपूरकडे निघाला असताना जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. मोजणीची सूत्रं पुढे जॉर्ज एव्हरेस्टकडे गेली. अवजड थिओडोलाइट टेकड्यांवर चढवून, त्रिकोणाला त्रिकोण जोडत देशाचा सांगाडा उभा केला गेला तो राज्यकर्त्यांसाठी. सारा, सैन्य आणि सत्ता ही त्या नकाशांची कारणं होती. गावकऱ्याच्या वाट्याला त्यातून आला तो साऱ्याचा आकडा.

पुढे टिपण, गटबुक, सातबारा आले आणि जमीन कागदावर नोंदली गेली. आकाशातून पाहण्याचं पर्व 1972 साली अमेरिकेच्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाने सुरू झालं. 17 मार्च 1988 रोजी आपला आयआरएस-1ए अवकाशात गेला. त्याच वर्षी महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात स्थापन झालं. मृदा सर्वेक्षण आणि जमीन वापर नियोजनाची राष्ट्रीय संस्था नागपुरातच, अमरावती मार्गावर आहे. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्थाही त्याच मार्गावर. हाच रस्ता पुढे कारंजाला येतो. देशातल्या फार थोड्या तालुक्यांना ज्ञानाचा असा शेजार लाभला आहे.

एका ठिपक्यात किती झाडं?

उपग्रहाचं चित्र चौकोनी ठिपक्यांचं असतं. एका ठिपक्यात जेवढी जमीन मावते, तिचा मिळून एकच रंग दिसतो. आयआरएस-1ए च्या एका कॅमेऱ्याचा ठिपका 72.5 मीटर बाजूचा होता, म्हणजे सव्वा एकराहून मोठा. लहान कास्तकाराचं अख्खं वावर एकदोन ठिपक्यांतच संपायचं. लँडसॅटचा 30 मीटरचा ठिपका घेतला, तर सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या संत्र्याच्या बागेतली पंचवीस झाडं त्यात बसतात. युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहांचा ठिपका 10 मीटरचा, त्यात दोन-तीनच झाडं येतात. ही जोडी 2017 पासून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जाऊ लागली. बागेचा एक कोपरा सुकत असेल, तर तो आता वेगळा दिसू शकतो.

हे उपग्रह डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतात. निरोगी पान तो प्रकाश भरपूर परावर्तित करतं, म्हणून तज्ज्ञांच्या चित्रात हिरवाई गडद लाल रंगाने दाखवतात. कारंजाचं एप्रिल-मेमधलं असं चित्र पाहावं. कापूस, तूर, हरभरा निघून गेल्यामुळे वावरं निळसर करडी पडलेली. सागाची पानगळ झाल्यामुळे डोंगर तपकिरी. या उजाड पटावर लाल चौकोन उठून दिसतात ते मुख्यतः ओलिताच्या, म्हणजे बहुतांशी संत्र्याच्या बागांचे. नोव्हेंबरमध्ये तूर, कपाशी, जंगल आणि बागा एकमेकांत मिसळलेली असतात. मे महिना त्यांना वेगळं करून दाखवतो. 2014 साली केंद्र सरकारने ‘चमन’ हा प्रकल्प सुरू केला, त्यात उपग्रहचित्रांवरून क्षेत्र मोजायच्या पिकांमध्ये लिंबूवर्गीय फळंही होती.

पण मे महिन्यातल्या या लाल चौकोनाला समृद्धीची खूण म्हणायची का? इथे कास्तकाराला विचारावं लागतं. ती बाग विहिरीवर उभी आहे, कार नदी प्रकल्पाच्या पाण्यावर आहे की वर्षागणिक खोल जाणाऱ्या बोअरवर, हे चित्र सांगत नाही. बेसॉल्टच्या खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं, त्यामुळे एका धुऱ्याला पाणी लागतं आणि शेजारचा बोअर कोरडा जातो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. या पातळ्या आणि उन्हाळ्यातल्या बागांचं चित्र एका नकाशावर आणलं, तर कुठे बागा वाढताहेत आणि त्यांच्याखालचं पाणी आटतंय, हे गावाला वेळीच कळेल. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार केली. त्या प्रकल्पात वर्धा जिल्हाही होता. पाऊस किती पडला, पिकाने किती घेतलं, वाहून किती गेलं आणि जमिनीत किती मुरलं, हे मांडल्याशिवाय नवा बंधारा कुठे हवा, हे ठरवता येत नाही.

हिरवं म्हणजे जंगलच असतं का?

कारंजाचा डोंगराळ भाग बोरच्या जंगलाच्या शेजारचा. बोरला 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. हाच मुलूख गवळाऊ गुरांचा आहे. तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं पैदास केंद्र आहे आणि नंदगवळी समाजाने ही गुरं पिढ्यान्‌पिढ्या राखली. त्यांचं सगळं गणित चराईवर उभं असतं.

नेमका हाच चारा उपग्रहाला नीट वाचता येत नाही. रायमुनियाची दाट झुडपं आकाशातून हिरवीगार दिसतात आणि सरसकट मोजणीत झाडोरा म्हणून जमा होऊ शकतात. त्या झुडपांखाली गवत उगवत नाही आणि गुरं त्याचा पाला खात नाहीत. उलट मोकळं गवताळ रान उन्हाळ्यात पिवळं पडतं आणि नकाशावर ‘पडीक’ ठरण्याची भीती असते. गुराख्याला या दोन्हींतला फरक विचारावा लागत नाही. नकाशा करणाऱ्याने मात्र तो गुराख्याला विचारलाच पाहिजे.

वणव्याच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. आगीची उष्णता टिपणाऱ्या उपग्रहांच्या आधारे वन सर्वेक्षण संस्था वनकर्मचाऱ्यांना मोबाइलवर इशारे पाठवते. त्यातल्या एका संवेदकाचा ठिपका 375 मीटरचा, म्हणजे सुमारे 35 एकरांचा. आग त्या 35 एकरांत नक्की कुठे आहे आणि तिथे कोणत्या पांदणीने लवकर पोचता येईल, हे गावातल्या माणसालाच ठाऊक असतं.

पूर्व विदर्भातला झुडपी जंगल म्हणून नोंद असलेल्या जमिनींचा प्रश्न तर जुन्या चित्रांच्या संग्रहाचं मोल थेट दाखवतो. या जमिनी वनजमिनीच मानायच्या, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी दिला. त्यात 12 डिसेंबर 1996 ही तारीख निर्णायक आहे. त्याआधी आणि त्यानंतर दिलेल्या जमिनींना वेगळे नियम लागतात. वनहक्क कायद्यात अशीच तारीख 13 डिसेंबर 2005 ही आहे. अशा तारखेला एखाद्या जागेवर काय होतं, याला साक्षीदार कोण? जुनी उपग्रहचित्रं हे एक उत्तर आहे आणि मागाहून त्यांत कोणाला फेरफार करता येत नाही. मात्र 1996 च्या लँडसॅट चित्रात एखादी झोपडी किंवा अर्ध्या एकराची वहिती ओळखू येणार नाही. 2012 साली सुधारलेल्या वनहक्क नियमांत म्हणूनच स्पष्ट म्हटलं आहे की उपग्रहचित्र इतर पुराव्याला पूरक ठरेल, त्याची जागा घेणार नाही. चित्रात दिसलं नाही, एवढ्या कारणावरून गरिबाचा दावा फेटाळणं हा अन्याय आहे.

महामार्गालगतचं शहर

कारंजा आता नगरपंचायत आहे. महामार्गालगतच्या अशा गावांत शेती अकृषक होते, लेआउट पडतात, मुरूम टाकून सखल जागा भरल्या जातात. यात पहिला बळी जातो तो नाल्याचा. पावसाळ्यापुरता वाहणारा लहान ओहोळ कोरड्या दिवसांत रिकामा प्लॉटच वाटतो. 23 सप्टेंबर 2023 रोजी नागपुरात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा पाण्याची वाट अडवण्याची किंमत साऱ्या विदर्भाने पाहिली.

लहान शहराला ही चूक टाळता येते, कारण अजून वेळ आहे. उंचसखल भागाची माहिती देणारे नकाशे इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मिळतात. ते 2009 पासून सुरू आहे. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पाणी कुठून कुठे वाहतं, याच्या रेषा त्यात काढता येतात. त्यावर गटांच्या हद्दी आणि मंजुरीसाठी आलेला लेआउट ठेवला की अडथळा मंजुरीआधीच दिसतो. नळाच्या वाहिन्या, पथदिवे, कचऱ्याची जागा, मालमत्ता कर या सगळ्यांची नोंद त्याच नकाशावर होऊ शकते. गावठाणाच्या मोजणीसाठी महाराष्ट्राने पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनचा प्रयोग केला आणि पुढे एप्रिल 2020 मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. घराच्या छपराची हद्द ड्रोन अचूक दाखवतो. त्या घरातला हिस्सा कोणाचा, विधवा सुनेचं नाव लागलं की नाही, हे मात्र चौकशीच्या वेळी माणसांनीच पाहायचं असतं.

ढगांपलीकडे

या साऱ्या चित्रांची एक मोठी मर्यादा म्हणजे पावसाळा. सोयाबीन, कपाशीला जेव्हा लक्ष हवं, त्या जुलै-ऑगस्टमध्ये ढग आड येतात. रडारवर चालणारे उपग्रह ढगांतूनही पाहतात. इस्रो आणि नासाचा निसार हा रडार उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला गेला. दर बारा दिवसांनी तो जमिनीचं निरीक्षण करू शकतो आणि मातीतल्या ओलाव्याचा अंदाज देणं हा त्याचा एक उपयोग आहे. खरिपाच्या कास्तकाराला यातून खूप काही मिळू शकतं, पण ती माहिती मराठीत आणि त्याच्या गटापर्यंत आली तरच.

खालून वर जाणारी माहितीही तितकीच मोलाची. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत कास्तकार वावरात उभं राहून पिकाचा फोटो देतो. त्याची ही नोंद उपग्रहाचा अंदाज तपासायला सर्वांत चांगला आधार ठरू शकते. आपण पाठवलेल्या नोंदीचं पुढे काय झालं, हे पाहण्याचा हक्क त्यामुळे त्यालाही आहे.

तेव्हा सुचवायचं ते असं. दरवर्षी दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत गावाची दोन चित्रं मांडावीत, सरत्या मे महिन्याचं आणि ताज्या नोव्हेंबरचं. सोबत दहा वर्षांपूर्वीची तीच दोन. ती तयार करायला महाविद्यालयातले विद्यार्थी पुरे आहेत. नाल्यांची, रानांची, टेकड्यांची नावं गाव वापरतं तीच त्यावर लिहावीत. मग शिवारफेरी काढून शंका असलेली प्रत्येक जागा गुराखी, महिला, वनरक्षक आणि तलाठी यांनी मिळून पाहावी, आणि जे ठरेल ते ठरावात नोंदवावं. नगरपंचायतीने प्रत्येक लेआउटच्या मंजुरीआधी पाण्याच्या वाटांचा नकाशा सभेपुढे ठेवणं बंधनकारक करावं. याला नवा उपग्रह लागत नाही, मोठा निधी लागत नाही. दोनशे वर्षं या जिल्ह्याचे नकाशे वरून खाली आले. आता ते दुरुस्त करून खालून वर पाठवण्याचं साधन गावाच्या हातात आलं आहे, आणि ते वापरायला यंदाच्या ग्रामसभेपासून सुरुवात करता येते.