केडगावची पंडिता आणि शास्त्राची चिकित्सा

धर्मग्रंथाची चिकित्सा म्हटले, की श्रद्धाळू घरात दोन तट पडतात. एक पिढी म्हणते, 'ग्रंथ देवाचा. त्यात कात्री चालवणारे तुम्ही कोण?' दुसरी म्हणते, 'वाणी देवाची असेल, पण लेखणी तर माणसाचीच होती ना?' मराठी ख्रिस्ती समाजात हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. इतरांना तो त्या समाजाचा घरगुती प्रश्न वाटतो. खरे तर पोथीवर श्रद्धा असलेल्या प्रत्येक घराचाच तो प्रश्न आहे.

या वादाचा उगम युरोपात आहे. १८६२ पासून नाताळचे बिशप कोलेन्सो यांनी बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांतील आकडे आणि घटना यांवर शंका घेतल्या आणि इंग्लंडात खळबळ उडाली. १८७८ मध्ये जर्मन पंडित वेलहाउझेन यांनी मांडले, की मोशेच्या नावावर असलेले हे ग्रंथ एकाच हातचे नसून वेगवेगळ्या काळातील लेखनाचे धागे एकत्र विणून तयार झाले आहेत. पुढे काही धर्मपंडित आणखी पुढे गेले. चमत्कार, कुमारीच्या पोटी झालेला जन्म, एवढेच काय, खुद्द ख्रिस्ताचे पुनरुत्थान हेदेखील रूपक मानावे, असे ते सांगू लागले. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेत १९१० ते १९१५ या काळात 'द फंडामेंटल्स' ही बारा पुस्तिकांची माला निघाली. 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. १९२३ मध्ये मेचेन या प्राध्यापकाने तर उदारमतवाद ही ख्रिस्ती धर्माची शाखा नसून तो वेगळाच धर्म आहे, असे ठासून लिहिले.

या गदारोळात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली गोष्ट पाठचिकित्सेची, म्हणजे मूळ शब्द कोणते हे जुन्या हस्तलिखितांवरून ताडून पाहण्याची. मार्कच्या शुभवर्तमानातील शेवटची बारा वचने चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत नाहीत, हे आज सनातनी अभ्यासकही मान्य करतात. अशी चिकित्सा श्रद्धेच्या मुळावरच येते असे नाही. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत यशयाच्या ग्रंथाची एक प्रत होती. तोवर ठाऊक असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी, आणि तरीही मजकूर बव्हंशी तोच! नकलाकारांच्या पिढ्यांनी केवढी काळजी घेतली होती, हे संशोधकांनीच दाखवून दिले.

मराठी माणसाला तर हे काम मुळीच परके नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये, असेही बजावले. चिकित्सक आणि सनातनी एकाच माणसात नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला कुठे शोधायचा? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे खपून, बाराशेहून अधिक हस्तलिखिते गाठीशी घेऊन महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यामुळे महाभारतावरची भक्ती आटली, असे कोणी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. ज्या घटनेवर सारा धर्म उभा, ती घडलीच नाही असे सांगितले, तर मागे काय उरते? सनातनी ख्रिस्ती माणसाच्या काळजीला केवळ अज्ञान म्हणून हिणवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. या मुलखात ज्यांनी हा धर्म स्वीकारला, त्यांतील अनेकांनी त्यासाठी घरदार, भाऊबंद आणि गावकी गमावली. त्यांच्या नातवंडांना व्यासपीठावरून 'ते सारे प्रतीकात्मक होते' असे ऐकवले, तर 'मग आमच्या आजोबांनी एवढे मोल कशासाठी मोजले?' हा प्रश्न उठणारच. दफनाच्या वेळी जवान मुलाच्या आईला रूपक पुरत नाही. तिला तिचे लेकरू पुन्हा भेटेल का, एवढेच हवे असते. खुद्द वेलहाउझेन यांनाही ही टोचणी होती. आपल्या शिकवणीने विद्यार्थी धर्मसेवेला लायक होण्याऐवजी नालायकच होत आहेत, असे वाटून १८८२ मध्ये त्यांनी धर्मशास्त्राच्या प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला होता.

या वादाच्या दोन्ही बाजू एकाच आयुष्यात जगलेली एक बाई आपल्या शेजारीच होऊन गेली. बारामतीहून दौंडमार्गे रेल्वेने पुण्याकडे निघाले, की वाटेत केडगाव लागते. तेथील मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचे. स्त्रीशिक्षणासाठी आणि परित्यक्ता, विधवांसाठी त्यांनी केलेले काम पाठ्यपुस्तकांतून आपल्याला ठाऊक असते. त्यांचे धर्मचिंतन मात्र फारसे कोणी वाचत नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, त्याचा अलौकिक जन्म या प्रत्येकावर त्यांनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी कडाडून वाद घातला. एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारून दुसऱ्याच्या जोखडात मान अडकवायची त्यांची तयारी नव्हती. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना सिस्टरची काळजी आणि रमाबाईंचा करारीपणा दोन्ही जाणवतात.

पुढे भारतात परतल्यावर, १८९१ च्या सुमारास त्यांच्यात मोठे परिवर्तन झाले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त गवसला नव्हता, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. १९०५ मध्ये केडगावला प्रार्थनेची मोठी लाट उसळली. रमाबाई आता चमत्कारांवर आणि शास्त्रवचनावर अढळ श्रद्धा ठेवणाऱ्यांत जमा झाल्या. पण मग त्यांनी काय केले? प्रश्न विचारणाऱ्यांना दटावत बसल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची अखेरची दीडेक तपे संपूर्ण बायबलच्या भाषांतरात घातली. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येतो आणि ते साध्या बायकांना कळतही नाहीत, ही त्यांची तक्रार होती. मोरोपंतांची बारामती ज्या पंडिती मराठीसाठी प्रसिद्ध, ती मराठी या शास्त्र्याच्या लेकीच्याही मुखी होती. तिने ती जाणूनबुजून बाजूला ठेवली. छापखान्यात मुक्तीच्याच स्त्रियांनी खिळे जुळवले. काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो सर्वत्र रुळला नाही, हे खरे. पण त्यामागची जिद्द त्यामुळे कमी ठरत नाही.

पुढच्या सनातनी पिढीनेही हीच वाट धरली. इव्हँजेलिकल मंडळींची अखिल भारतीय संघटना १९५१ मध्ये उभी राहिली. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला आली. उदारमतवादाला उत्तर द्यायचे, तर आपलेही लोक शिकलेले हवेत, ही त्यामागची जाण होती.

रमाबाईंच्या आयुष्याने दोन्ही तटांना काही सुनावले आहे. शास्त्राची राखण करायची असेल, तर त्याची मूळ भाषा शिका; दारे लावून राखण होत नाही. आणि चिकित्सा करायची असेल, तर दफनभूमीत उभ्या असलेल्या आईला समजेल अशा मराठीत आपले म्हणणे सांगता येते का, ते आधी पाहा. कॉलेजात शिकणारी मुलगी जेवताना पोथीतल्या एखाद्या ओळीवर शंका काढते, तेव्हा ताट सरकवून उठू नये. ती ओळ तिच्याबरोबर बसून पुन्हा वाचावी.