बरण्यांची झाकणं लावणारा स्ट्रायकर आणि तुमचा डहाणूतला धंदा



गेल्या पावसाळ्यात तलासरीला आपली एक दिवसाची कार्यशाळा होती. जेवणाच्या सुट्टीत बोर्डीकडच्या एक ताई माझ्याजवळ आल्या. घरी चिकूच्या चकत्या वाळवून विकतात, लोणचंही करतात. हातात परत आलेल्या पाकिटांची पिशवी होती. म्हणाल्या, "सर, चार वर्षं झाली. अजून तिथेच आहोत. मालक म्हणतात, बंद कर आणि वापीला कंपनीत लाग. महिन्याचा पगार तरी मिळेल. काय करू?"

खरं सांगतो, मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. "जिद्द सोडू नका" म्हणणं सोपं होतं. पण घरात हप्ते असतात, पोरांची फी असते. जिद्दीने फी भरता येत नाही. म्हणून आज त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही एका माणसाची पूर्ण कारकीर्द सांगतो. माणूस आपल्याकडचा नाही, धंदेवाईकही नाही. इंग्लंडचा फुटबॉलपटू आहे. नाव रिकी लॅम्बर्ट.

आधी शिडी समजून घ्या

इंग्लंडचं फुटबॉल शिडीसारखं आहे. सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० क्लबांची. टीव्हीवर आपण बघतो ती. तिच्याखाली तीन पायऱ्या, प्रत्येकी २४ क्लब. चांगलं खेळलात तर क्लब वरच्या पायरीवर जातो, हरत राहिलात तर खाली येतो. आपला भाईचुंग भुतिया १९९९ मध्ये बरी नावाच्या क्लबकडून खेळायला गेला, तो तिसऱ्या पायरीवरचा क्लब होता.

आता ही शिडी आपल्याकडे लावून बघा. गावचा आठवडी बाजार ही एक पायरी. डहाणू रोड स्टेशनसमोरची दुकानं ही दुसरी. मुंबई-अहमदाबाद हायवेवरची हॉटेलं ही तिसरी. आणि मुंबईतलं मोठं दुकान म्हणजे तुमची प्रीमियर लीग. तुम्ही आज कुठल्या पायरीवर आहात ते मनात धरा आणि पुढे वाचा.

पगार नाही, सराव चालू

लॅम्बर्टचा जन्म १९८२ चा, लिव्हरपूलजवळच्या कर्बी गावातला. दहाव्या वर्षी तो लिव्हरपूल क्लबच्या मुलांच्या संघात गेला. लहानपणापासून ज्या क्लबचा वेडा, तिथेच! आणि पंधराव्या वर्षी क्लबने सांगितलं, तुझी गरज नाही. मग ब्लॅकपूल क्लबने घेतलं. तिथूनही २००० साली त्याला सोडून दिलं. वय १८, हातात काम नाही.

मग त्याने काय केलं? मॅकल्सफील्ड नावाच्या चौथ्या पायरीवरच्या क्लबबरोबर तो सराव करायला लागला. पगार शून्य. पोटासाठी बीटच्या कारखान्यात लागला. काम काय, तर बरण्यांना झाकणं लावायची. मजुरी दिवसाला २० पौंड. काही महिने असे गेले आणि २००१ मध्ये मॅकल्सफील्डने त्याला करारावर घेतलं.

इथे एक गोष्ट नीट बघा. कारखान्यात गेला म्हणून त्याने फुटबॉल सोडलं नाही. आणि फुटबॉल खेळायचंय म्हणून उपाशीही राहिला नाही. आपल्याकडे लोक या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध धरतात. 'एक तर नोकरी, नाहीतर धंदा.' अरे, तलासरीहून रोज सकाळी उंबरगाव-वापीला जाणारी किती माणसं आहेत! त्यातला एखादा रात्री घरी शिलाई मशीन चालवत असेल, तर तो अर्धवट नाही. त्याने पोटाची सोय केली आहे आणि सरावही चालू ठेवला आहे.

एक पायरी खाली

२००२ मध्ये स्टॉकपोर्ट क्लबने त्याच्यासाठी ३ लाख पौंड मोजले. एक पायरी वर. वाटलं, आता गाडी रुळावर आली. पण तिथे ९८ लीग सामन्यांत गोल फक्त १८. स्ट्रायकर म्हणजे ज्याच्यावर गोल करायची जबाबदारी. पाच सामन्यांना एक गोल म्हणजे धंदा तोट्यात!

२००५ मध्ये तो रॉचडेलला गेला. म्हणजे पुन्हा चौथ्या पायरीवर. लोक काय म्हणाले असतील, तुम्ही समजू शकता. पण तिथे ६४ लीग सामन्यांत २८ गोल झाले. तोच माणूस, तेच पाय. मग २००६ मध्ये ब्रिस्टल रोव्हर्सने २ लाख पौंड देऊन त्याला घेतलं. तो क्लब पुढच्याच वर्षी तिसऱ्या पायरीवर चढला आणि २००८-०९ च्या हंगामात लॅम्बर्टने लीगमध्ये २९ गोल ठोकले. त्या पायरीवर सर्वाधिक गोल करणाऱ्या दोघांपैकी तो एक होता.

स्टेशनजवळ मोठ्या भाड्याचा गाळा घेतला, चालला नाही, आणि पुन्हा आठवडी बाजारात बसायची वेळ आली, तर आपल्याला तोंड लपवावंसं वाटतं. पण हिशोब काय सांगतो ते बघा. खालच्या पायरीवर भाडं कमी, गिऱ्हाईक ओळखीचं, चूक झाली तरी झेपते. तिथे आकडे सुधारले, तर पुन्हा वर जाता येतं. मात्र आकडे लिहून ठेवले पाहिजेत. ९८ मध्ये १८ आणि ६४ मध्ये २८ हा फरक वहीतच दिसतो. नुसत्या अंदाजाने तो कळत नाही.

जे आरशात दिसत नव्हतं

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. ऑगस्ट २००९. साउदॅम्प्टन क्लबने लॅम्बर्टला घेतलं. किंमत १० लाख पौंडांच्या वर. पण त्या क्लबची अवस्था काय होती? दिवाळखोरीतून नुकताच वाचलेला, नवीन मालक आलेला, तिसऱ्या पायरीवर घसरलेला. वर शिक्षा म्हणून हंगामाची सुरुवातच उणे १० गुणांनी!

लॅम्बर्ट तेव्हा २७ वर्षांचा होता. डोकं चांगलं, फटका जबरदस्त, चेंडूवर ताबा उत्तम. मग इतकी वर्षं वर का गेला नाही? साउदॅम्प्टनचे प्रशिक्षक ॲलन पार्ड्यू यांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं: फिटनेस. खेळ आहे, पण शरीर त्या खेळाला साथ देत नाही. लॅम्बर्टला राग येऊ शकला असता, कारण आदल्याच वर्षी त्याने २९ गोल केले होते. पण त्याने ऐकलं. शरीरावर मेहनत घेतली.

त्या पहिल्याच हंगामात लीगमध्ये ३० गोल. २०११ मध्ये क्लब दुसऱ्या पायरीवर गेला. २०११-१२ मध्ये लॅम्बर्टचे २७ गोल, त्या पायरीवर सर्वाधिक. २०१२ मध्ये क्लब थेट प्रीमियर लीगमध्ये. पहिला सामना मँचेस्टर सिटीशी, आणि त्यात याचा गोल! संघ ३-२ ने हरला, पण ३० वर्षांचा हा माणूस शिडीच्या टोकावर उभा होता.

१४ ऑगस्ट २०१३, वेम्ब्ली मैदान, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. ३१ व्या वर्षी देशासाठी पहिला सामना. बदली म्हणून मैदानात आला आणि तीन मिनिटांच्या आत डोक्याने गोल मारला. इंग्लंड ३-२ ने जिंकलं.

३४ पैकी ३४

साउदॅम्प्टनसाठी त्याने ३४ पेनल्टी मारल्या. गेल्या किती? ३४! पेनल्टी म्हणजे समोर फक्त गोलरक्षक आणि मैदानभर लोकांचे डोळे. तिथे जो चुकत नाही, त्याच्यावर संघ विसंबतो.

तुमच्या धंद्यात अशी एक गोष्ट कोणती आहे? सांगितलेल्या दिवशी माल पोहोचणं? प्रत्येक पाकिटाचं वजन बरोबर असणं? वारली चित्राची ऑर्डर ठरलेल्या मापातच देणं? दहा गोष्टी बऱ्या करण्यापेक्षा एक गोष्ट ३४ पैकी ३४ वेळा करून दाखवा. दुकानदार तुमचं नाव त्यासाठीच लक्षात ठेवतो.

आणि मग लिव्हरपूल

गोष्ट इथे संपवली असती तर टाळ्या पडल्या असत्या. पण पुढचंही सांगायला हवं. २०१४ मध्ये खुद्द लिव्हरपूलने त्याला ४० लाख पौंडांना घेतलं. पंधराव्या वर्षी ज्या दारातून बाहेर काढलं, त्याच दारातून आत. स्वप्न पूर्ण! पण तिथे सगळ्या स्पर्धा मिळून ३६ सामने आणि गोल ३. बराच वेळ तो राखीव बाकावर होता. वर्षभरात वेस्ट ब्रॉमला गेला, मग कार्डिफला, आणि २०१७ मध्ये निवृत्त झाला.

तो गेला हे चुकलं, असं मी म्हणणार नाही. मीही गेलो असतो. पण धंद्यात मोठ्या नावाची ऑर्डर दिसली की आधी एक प्रश्न विचारा: तिथे मी मैदानात असेन की बाकावर? मुंबईचं मोठं दुकान माल घेईल, कोपऱ्यातल्या फळीवर ठेवेल, पैसे तीन महिन्यांनी देईल आणि न विकलेला माल परत पाठवेल. तेवढे दिवस तग धरायला तुमच्याकडे भांडवल आहे का? नसेल, तर हायवेवरची पाच हॉटेलं तुमची साउदॅम्प्टन आहेत.

बोर्डीच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही गेल्यावर मला एक गोष्ट आठवली. तुम्ही लेबल बदलायचं म्हणत होता, इन्स्टाग्रामचं विचारत होता. पण परत आलेलं एक पाकीट मी तुमच्यासमोरच उघडून खाल्लं होतं. चव सुंदर होती. चकती मात्र मऊ पडली होती, चिवट झाली होती. आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत पावसाळ्यात दुसरं काय होणार?

तुमचा चिकू उत्तमच आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते उगाच नाही. तुमचा हातही चांगला आहे. कमी पडतोय तो 'फिटनेस'. वाळवण पूर्ण होत नाही आणि पाकीट हवाबंद नाही. आधी एवढंच दुरुस्त करा. दहा पाकिटं वेगवेगळ्या पद्धतीने बंद करून घरात ठेवा, तारीख टाका, दर आठवड्याला एक फोडून बघा. जे टिकेल, तेच दुकानात द्या.

आणि नोकरीचं म्हणाल, तर घराला गरज असेल तर खुशाल लागा. त्यात कमीपणा नाही. फक्त रविवारची एक घाणी वाळवणं थांबवू नका, आणि वहीत तिचा हिशोब लिहा. सहा महिन्यांनी वही उघडून ठरवू. आकडे 'बंद करा' म्हणाले तर बंद करू, मीच सांगेन.

बाकी सगळ्यांना गृहपाठ. आज रात्री वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहा. मी कुठल्या पायरीवर आहे? माझी ३४ पैकी ३४ वाली गोष्ट कोणती? आणि माझा माल परत करणाऱ्या गिऱ्हाइकाने खरं कारण काय सांगितलं होतं?

तिसरी ओळ लिहिता आली नाही, तर उद्या सकाळी त्या दुकानात जा आणि विचारून या. ऐकायला थोडं लागेल. पण विचारून या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.