भाव पडला म्हणजे बाजार फसला?

२०२४ च्या दिवाळीत बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातल्या डोणगावपासून थेट लातूरपर्यंत एकच चर्चा होती. केंद्राने सोयाबीनला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर केलेला, आणि बाजारात क्विंटलमागे मिळत होते चार हजारांच्या आसपास. दाण्यात ओल जास्त निघाली तर त्याहून कमी. ‘बाजारच फेल गेला’ असा निकाल पारावर लागूनही गेला. राग रास्त होता, निदान मात्र चुकलेलं होतं.

भाव पडणं आणि बाजारपेठेचं अपयश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घेणारा आणि विकणारा आपापलं हित नीट बघत असूनही समाजाचं एकूण नुकसान होतं, एखादी गोष्ट हवी त्यापेक्षा कमी किंवा जास्त तयार होते, तिथे अर्थशास्त्र अपयश म्हणतं. सोयाबीनचं तसं नव्हतं. दाण्यात तेल जेमतेम १८ ते २० टक्के, उरलेली बहुतेक पेंड. आपण खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, त्यामुळे तेलाच्या भावाची दोरी मलेशिया-इंडोनेशियाच्या पामतेलाकडे आणि पेंडीची ब्राझील-अर्जेंटिनाच्या पिकाकडे. त्या वर्षी जगात सोयाबीन उदंड होतं आणि ते डोणगावच्या काट्यावर दिसलं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं, तरी भाव हमीभावाला शिवला नाही. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात घुसला होता, पेंडीला उठाव नव्हता. पुढे मे २०२५ मध्ये ग्राहकाला तेल महाग पडतंय म्हणून शुल्काचा बराचसा भाग मागेही घेतला गेला. शेतकऱ्याच्या पदरी काय पडतं हा उत्पन्नाचा प्रश्न आहे. त्याला मदतही हवीच, पण त्यासाठी बाजाराला आजारी ठरवायची गरज नाही.

बाजार खरोखर फसतो तो पेरणीच्या आधी, बियाण्याच्या पिशवीपाशी.

पिशवीतला दाणा उगवेल की नाही हे घेणाऱ्याला दिसत नाही. विकणाऱ्याला निदान अंदाज असतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिताना हेच मांडलं: माल पारखता येत नसेल तर चांगल्या मालालाही वाईटाचाच भाव मिळतो आणि चांगला विकणारा हळूहळू बाजारातून उठतो. त्या कामासाठी त्यांना २००१ चं नोबेल मिळालं. सोयाबीनमध्ये हा धोका दुप्पट, कारण दाण्याचं टरफल नाजूक. पोती आपटली तरी अंकुर मरतो. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात बियाणं न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मात्र तो सगळाच भामटेपणा होता असं समजणंही चूक. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पावसाने सोयाबीन भिजलं होतं, त्यातलंच बरंच पुढे बियाणं म्हणून गेलं.

यावर सरकारचं औषध म्हणजे १९६६ चा बियाणे कायदा: पिशवीवर उगवणशक्तीचं लेबल, प्रमाणित सोयाबीनला किमान ७० टक्के. दुसरं औषध फुकटचं आहे. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, गोणपाट वाळू द्यायचं नाही, आणि आठवडाभराने कोंब मोजायचे. ७० निघाले तर पेरा. कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवा, फारच कमी निघाले तर बियाणं बदला. घरचं बियाणं वापरणाऱ्यांना कृषी विभाग दर उन्हाळ्यात हेच सांगतो.

दुसरी ठाम समजूत अशी की बाजार समित्या ही स्वातंत्र्यानंतरच्या समाजवादी राजवटीची देणगी. वऱ्हाडाच्या माणसाने तरी हे म्हणू नये. शेजारच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंजाला १८८६ सालीच नियमनाखालचा कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. तेव्हाचं सरकार इंग्रजांचं, समाजवादी नव्हे. त्यांना गिरण्यांसाठी चोख माल हवा होता. खोटी मापं, मनमानी कटती आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणं, या चालींत शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव काय ठरतोय हेच कळत नसे. उघड हर्राशी, म्हणजे लिलाव, हा त्यावरचा उपाय. राज्याचा १९६३ चा कायदा हा त्याच घराण्यातला. आता समितीतच मोजके व्यापारी आपसांत भाव ठरवत असतील तर तो मक्तेदारीचा रोग, आणि त्याला नियम मोडून काढण्यापेक्षा खरेदीदार वाढवणं जास्त लागू पडतं.

घाईत विकावं लागणं हाही दोषच: दिवाळीत घेणेकरी दारात उभे असतात, आणि भाव वाढेपर्यंत थांबायला कोणी उसने देत नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून त्यासाठीच आहे. माल गोदामात, हातात किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज.

‘मग सरकारनेच सगळं घ्यावं’ हा तोडगा महाराष्ट्राने करून पाहिला आहे. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. राज्यातला कापूस दुसऱ्या कोणाला विकायचाच नाही. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस रातोरात सीमा ओलांडायचा, आणि भाव पडला की सगळा सरकारच्या दारात. चुकारे रखडले, तोटा फुगला, आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार सुटला. २०२४ च्या हंगामातही सोयाबीनची हमीभाव खरेदी काही ठिकाणी अडली ती पैशांवाचून नव्हे, बारदान्यावाचून. बाजार फसतो तसं सरकारही फसतं.

विहिरीच्या पाण्यात तर दोघांची मिलीभगत आहे. एकाने बोअर खोल नेलं की शेजारच्याची विहीर आटते, त्याची किंमत बोअरवाल्याच्या हिशोबात कुठेच येत नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला १९९३ च्या कायद्याने मनाई केली. दुसरीकडे २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत. एक हात उपसा रोखतो, दुसरा पंपाला बळ देतो.

शेजाऱ्यावर नकळत होणारा परिणाम नेहमी वाईटच असतो असंही नाही. महामार्गाच्या भरावाला माती-मुरूम लागतो, आणि गावाला नाले-तलाव खोल हवे असतात. ठेकेदाराला पाण्याशी देणंघेणं नाही, गावाकडे खोदायला पैसा नाही. नुसत्या बाजारावर सोडलं तर दोघांची गाठ पडण्याचं कारणच नाही. बुलढाणा जिल्ह्यात रस्त्याची माती तलाव-नाल्यांच्या खोलीकरणातूनच घ्यायची असं ठरवून ती गाठ घातली गेली, आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ती इतर जिल्ह्यांतही गेली.