मागून वारा असला की शिडाला काठी: लावायची कधी, ठेवायची कुठं?



कारंजा धरणावर ज्यांच्या होडीला दोन शिडं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मागच्या पावसाळ्यात आपली एक होडी उलटता उलटता वाचली. माणसं सुखरूप आली, जाळं मात्र गेलं. कारण एवढंच, की वारा फिरला आणि काठी काढायला उशीर झाला.

काठी कशाला? वारा सरळ मागून आला की पुढचं शीड मोठ्या शिडाच्या आडोशात येतं आणि लोंबत राहतं. त्याचं मोकळं टोक काठीनं दुसऱ्या बाजूला रेटून धरलं की दोन्ही शिडं पंखांसारखी उघडतात. 1982 च्या आशियाई खेळांत मुंबईला एंटरप्राइझ जातीच्या छोट्या होड्यांची शर्यत झाली होती. त्या होड्यांनाही दोनच शिडं आणि मागच्या वाऱ्याला हीच काठी. तिला 'व्हिस्कर पोल' म्हणतात.

लांबी साधारण पुढच्या शिडाच्या खालच्या कडेएवढी. फार लांब नको, होडी कलली की टोक पाण्यात घुसतं.

लावताना:
1. वारा पक्का मागून आहे का बघा. बाजूच्या वाऱ्यात काठी लावूच नका.
2. एक टोक आधी शिडाच्या कोपऱ्याला अडकवा, मग दुसरं डोलकाठीच्या कडीत.
3. काठी लावणाऱ्यानं होडीच्या मधोमध, गुडघ्यावर राहायचं. सुकाणूवाल्यानं होडी सरळ धरायची. मोठ्या शिडाचा वासा अचानक फिरला तर डोक्यात बसतो.

काढताना उलटं: शिडाची दोरी थोडी सैल करा, आधी डोलकाठीकडचं टोक सोडवा, मग शिडाकडचं. होडी वळवण्याआधी, जाळं ओढण्याआधी आणि ढग भरून आले की काठी उतरलीच पाहिजे.

ठेवताना: मोकळी टाकू नका, पायाखाली गडगडते. होडीच्या काठाला आतून लांबीत ठेवून दोन ठिकाणी बांधा. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी. जाळ्याखाली कधीच नको, वेळेला सापडत नाही.

घरी बांबू सावलीत, जमिनीपासून वर, आडवा ठेवा. चीर दिसली तर तो बदला. अॅल्युमिनियमची काठी असेल तर टोकाच्या खटक्यातला गाळ गोड्या पाण्यानं धुवा. तेल नको, त्याला वाळू चिकटते.

एवढं घरातल्या पोरांनाही सांगा: आधी काठी काढायची, मग होडी वळवायची. आणि लाइफ जॅकेट अंगावर पाहिजे, होडीत पडलेलं नको.