चरबी विझवून पाहताना

सांगलीहून एका आजींचं पत्र आलं आहे. चौदा महिन्यांच्या नातवाच्या काखेत लिंबाएवढी मऊ गाठ आहे. दुखत नाही, पण दोन महिन्यांत वाढली. आजी विचारतात, ‘सोनोग्राफीत चरबीची गाठ असं लिहून आलंय. मग लेकराला गुंगी देऊन एमआरआय कशाला? सीटी चटकन होतो म्हणे, तो का नको?’

प्रश्न रास्त आहे. चरबी ओळखण्यात सीटी पटाईत. त्याच्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर, चरबी उणे 100च्या आसपास. पण काखेतून हाताकडे मज्जातंतूंचं अख्खं जाळं जातं. गाठ त्यात कुठवर शिरली आहे, हे शस्त्रक्रियेआधी कळायला हवं आणि ते एमआरआयइतकं स्पष्ट सीटीत दिसत नाही. शिवाय एवढ्या लहान जिवाला टाळता येतील ते क्ष-किरण टाळायचे.

एमआरआयच्या टी-वन चित्रात चरबी पांढरीशुभ्र दिसते. पण काही दिवसांपूर्वी साकळलेलं रक्तही तसंच उजळतं. म्हणून खात्री करायला चरबी विझवावी लागते, आणि या युक्तीवर माझा फार जीव आहे. दीड टेस्लाच्या यंत्रात पाण्यातला हायड्रोजन सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख गिरक्या घेतो. चरबीतला हायड्रोजन त्याच्यापेक्षा फक्त 220 गिरक्यांनी मागे असतो. एवढा बारीक फरक हेरून यंत्र नेमकं चरबीला गप्प करतं. मघाशी पांढरी दिसलेली गाठ काळी पडली, की ती चरबीच.

काख मात्र फसवते. तिथे हवा आणि शरीराचे वळसे यांमुळे चुंबकीय क्षेत्र एकसारखं राहत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका बाळाच्या चित्रात गाठीचा वरचा निम्मा भाग विझलाच नव्हता. सोबतचा शिकाऊ डॉक्टर धास्तावला. त्याला म्हटलं, गाठ सोड, शेजारी त्वचेखालची चरबी बघ. तीही त्याच पट्ट्यात पांढरीच होती! म्हणजे दोष गाठीचा नव्हता, विझवणं फसलं होतं. मग स्टिर पद्धतीने चित्र घेतलं आणि दोन्ही सारख्याच काळ्या झाल्या. गाठीत उरले ते केसासारखे पातळ पडदे. स्टिर गिरक्यांवर नाही, वेळेवर चालते, म्हणून क्षेत्र वाकडंतिकडं असलं तरी निभावते. पण चरबीसारख्याच वेगाने सावरणारं दुसरं काहीही, कधी रक्तसुद्धा, ती विझवून टाकते. त्यामुळे एकट्या स्टिरवर विसंबून मी चरबी म्हणत नाही. टी-वनशी ताडून बघतो.

आता वयाचं. मोठ्या माणसाच्या खांद्यावरचा लायपोमा म्हणजे तयार चरबी. तीन वर्षांच्या आतल्या मुलात, वाढत्या गाठीत, आधी लायपोब्लास्टोमा आठवायचा. हे नाव 1926 साली जाफी यांनी दिलं. ही घडत असलेली चरबी. तिच्यात जेलीसारखा, पाणीदार भाग बराच असू शकतो. तो चरबीसारखा विझत नाही, उलट चमकतो. बाळ जितकं लहान तितका हा भाग जास्त. वयाबरोबर गाठ पिकत जाऊन लायपोमासारखी दिसू लागते. म्हणून ‘पूर्ण विझली नाही’ एवढ्यावरून तान्ह्या बाळाच्या आईवडिलांसमोर कर्करोगाचं नाव काढू नये, असं माझं ठाम मत आहे. चरबीचा कर्करोग या वयात अत्यंत दुर्मीळ. चित्रात मात्र दोघे कधीकधी इतके सारखे दिसतात, की अखेरचा शब्द काढलेल्या गाठीच्या तपासणीचाच असतो. लायपोब्लास्टोमात बहुतेकदा आठव्या गुणसूत्रावरच्या प्लॅग-वन या जनुकाची मोडजोड सापडते.

लायपोब्लास्टोमा शरीरभर पसरत नाही. पण स्नायूंत शिरलेला भाग मागे राहिला तर तिथेच पुन्हा वाढतो. आजी, त्याची हद्द आखण्यासाठी हा एमआरआय.

सकाळची पहिली वेळ मागून घ्या. गुंगीआधी साधारणपणे अंगावरचं दूध 4 तास आणि वरचं दूध 6 तास बंद ठेवतात. तुमच्या भूलतज्ज्ञांना नेमकं विचारा. पहाटे लवकर पाजून निजवलेलं बाळ आठ-नऊला फारसं किरकिरत नाही. आणि सोनोग्राफीच्या फिल्म्स बरोबर न्या.